घर घेणाऱ्याचा माणूस कोण?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर खरोखरीच बांधून पाहता येत असे. पाया किती हात खोल गेला, जोत्याला दगड कोणता लागला, तुळईला साग वापरला की आडजात लाकूड, चुना किती दिवस मुरला, हे सारे मालक स्वतः उभा राहून पाही. निदान पाहणे त्याच्या हाती असे. आज शहरातील नोकरदार माणूस घर बांधीत नाही. तो तयार घर विकत घेतो. ते त्याच्यासमोर येते तेव्हा गिलावा झालेला असतो, रंगाचा ताजा हात फिरलेला असतो, फरशी चकचकीत असते आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिव्यांचा उजेड पडलेला असतो. जे पाहायला हवे ते सारे त्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच झाकले गेलेले असते. त्या झाकलेल्या वस्तूसाठी तो आयुष्यभराची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांचे पगार एका सहीने देऊन टाकतो.

या व्यवहारात सहभागी होणाऱ्यांची मोजदाद केली तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दलाल असतो, व्यवहार पुरा झाला तरच त्याला दलाली मिळते, म्हणून तो पुरा व्हावा हेच त्याचे हित. बँकेचा व्हॅल्युअर असतो. त्याची निष्ठा बँकेशी. वकील घेणाऱ्याचा असतो हे खरे. परंतु तो कागद तपासतो. मागील तीस वर्षांचा शोध घेऊन तो मालकी निर्वेध असल्याचे सांगेल. स्लॅबमधील सळई गंजली आहे की नाही हे सांगणे त्याचे काम नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. घर पाहत नाहीत. म्हणजे कागदाची तपासणी होते, कर्जाच्या सुरक्षिततेची तपासणी होते, मुद्रांक पुरेसा आहे की नाही याचीही तपासणी होते. तपासले जात नाही ते केवळ घर. वास्तूच्या अंगाने घेणाऱ्याची बाजू पाहणारा एकही जाणकार माणूस या मंडळींत नसतो.

स्वतःचा अनुभव

हे मी सांगतो आहे ते परोपदेशे पांडित्य नव्हे. २०१६ साली मी पुण्याच्या उपनगरात एका तीन मजली इमारतीत सदनिका घेतली. इमारत सुमारे अठ्ठावीस वर्षांची होती. विकणारे गृहस्थ सेवानिवृत्त, मृदुभाषी, चहा पाजल्यावाचून जाऊ न देणारे. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला त्या वेळी मी हजर होतो. त्याने खोल्या मोजल्या, दारावरच्या पाटीचे व रस्त्याचे छायाचित्र घेतले, परिसरातील भाव विचारला आणि पंधरा मिनिटांत तो निघून गेला. त्याचे शुल्क मी भरले. त्याचा अहवाल मला कधीही दाखवण्यात आला नाही. कर्ज मंजूर झाले आणि मी, माझ्यासारखा प्रत्येक जण काढतो तोच निष्कर्ष काढला, की ज्या अर्थी बँक पैसे देते त्या अर्थी घर ठीक असले पाहिजे.

तिसऱ्या पावसाळ्यात वाहनतळातील दोन खांबांना उभ्या भेगा दिसू लागल्या. संस्थेची विशेष सभा भरली. त्या सभेत मला प्रथमच कळले की, इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट मी घर घेण्यापूर्वीच झाले होते, त्याचा अहवाल कार्यालयाच्या कपाटात होता आणि ज्या सभेत तो वाचला गेला तिला माझे विक्रेते उपस्थित होते. दुरुस्तीसाठी प्रत्येक सभासदावर दोन लाख पंचाहत्तर हजारांची वर्गणी बसली. मी ती भविष्यनिर्वाह निधीतून काढली. ज्या वर्षी मुलीच्या प्रवेशासाठी तो पैसा हवा होता, त्याच वर्षी तो काँक्रीटमध्ये गेला.

याहून मोठे नुकसान अनेकांचे झाले आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची ‘साईसिद्धी’ इमारत कोसळून सतरा जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून सोळा जण गेले. ती इमारत तर दहा वर्षांचीही नव्हती. अशा दुर्घटना विरळ आहेत हे मान्य केले, तरी त्यांच्या मागे असलेली स्थिती विरळ नाही. ती स्थिती अशी, की आपण कशात राहतो हे राहणाऱ्याला ठाऊक नसते.

अर्थशास्त्र काय सांगते

लज्जेची गोष्ट अशी, की ज्या विषयात मी फसलो तो विषय मी दरवर्षी वर्गात शिकवतो. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे तो निबंध मुख्यत्वे होता. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : वस्तूचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. घेणारा मग सर्वच वस्तूंना सरासरी भाव देऊ करतो. चांगल्या वस्तूच्या मालकाला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. वाईट वस्तू तेवढ्या उरतात आणि सरासरी आणखी खाली येते.

घरांच्या बाजारात याचा परिणाम थोडा निराळ्या रीतीने दिसतो आणि तो अधिक घातक आहे. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने दर काही वर्षांनी गच्चीचे जलरोधक काम केले, गळके नळ बदलले, भेगा वेळीच बुजवल्या, आणि शेजारच्या संस्थेने यांतले काहीच न करता दर पाच वर्षांनी बाहेरून रंग तेवढा दिला, तर विक्रीच्या वेळी दोन्ही इमारतींतील घरांना चौरस फुटामागे जवळजवळ सारखाच भाव येतो. कारण भाव ठरतो तो रस्त्यावरून, मजल्यावरून आणि बसथांब्याच्या अंतरावरून. ज्याने निगा राखली त्याचा पैसा गेला. ज्याने रंग दिला त्याचा वाचला. मग दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत का नामंजूर होतो, याचे कोडे पडण्याचे कारण नाही. विक्रीच्या वेळी कोणी जाणकार माणूस घर तपासत नाही, म्हणून निगा राखण्याला मोल येत नाही. आणि मोल येत नाही म्हणून निगा राखली जात नाही. घर तपासणारा माणूस म्हणूनच एकट्या खरेदीदाराच्या उपयोगाचा आहे असे नव्हे. तो साऱ्या इमारतीच्या आयुष्याशी निगडित आहे.

‘साधारण दक्षता’ म्हणजे किती?

कायदा याबाबतीत काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आजही लागू आहे. त्याच्या ५५व्या कलमानुसार मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. तो लपवणे म्हणजे लबाडी, असेही कलमात म्हटले आहे. परंतु या कर्तव्याला एक मर्यादा आहे. दोष विक्रेत्याला ठाऊक असावा, घेणाऱ्याला ठाऊक नसावा आणि घेणाऱ्याला साधारण दक्षतेने तो शोधता येण्याजोगा नसावा. म्हणजे जे साधारण दक्षतेने कळले असते त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर. आता खांबातील सळईचा गंज शोधणे ही एखाद्या लिपिकाची किंवा शिक्षकाची साधारण दक्षता आहे काय? त्यावर वाद घालता येईल. पण तो वाद न्यायालयात, स्वतःच्या खर्चाने आणि घर घेऊन झाल्यावर घालावा लागेल.

नव्या इमारतींबाबत स्थिती बरीच सुधारली आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. स्थावर संपदेविषयीच्या २०१६ च्या कायद्याने, म्हणजे आपण ज्याला ‘रेरा’ म्हणतो त्याने, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आलेला संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. परंतु एका सभासदाने दुसऱ्या माणसास विकलेल्या जुन्या सदनिकेस या तरतुदीचा आधार नाही. मध्यमवर्गातील पुष्कळांना नवे घर परवडत नाही. ते जुनेच घेतात. शिवाय पाच वर्षांत दोष निदर्शनास आणून द्यायचा, तर तो दिसण्याची दृष्टी असलेला माणूस तेथेही लागतोच.

एक शब्द, अनेक माणसे

‘सर्व्हेअर आणून दाखवा’ असा सल्ला कोणी देतो तेव्हा त्याच्या मनात नेमके कोण असते, हेही स्पष्ट नसते. भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक जमिनीची मोजणी करतो, हद्दी दाखवतो आणि नकाशाची ‘क’ प्रत देतो. भूखंड किंवा बंगला घेणाऱ्याने ही मोजणी अवश्य करून घ्यावी. परंतु भूकरमापक भिंतीकडे पाहत नाही. मुंबईत महापालिकेचा परवाना असलेला ‘लायसन्स्ड सर्व्हेअर’ असतो. तो मुख्यत्वे नकाशे तयार करतो व मंजुरीसाठी सादर करतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान झाल्यावर येतो. बँकेचा व्हॅल्युअर किंमत ठरवतो. यांतील प्रत्येक जण आपापल्या कामात निष्णात असू शकेल. पण ‘मी हे घर घ्यावे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी यांच्यापैकी कोणाचीही नेमणूक झालेली नसते.

बँकेच्या व्हॅल्युअरविषयी अधिक सांगितले पाहिजे, कारण गैरसमज तेथेच सर्वाधिक आहे. साठ लाखांच्या घरासाठी बँक फार तर ऐंशी टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख कर्ज देते. उरलेले बारा लाख घेणाऱ्याचे. घराची किंमत दहा लाखांनी घसरली, तर ते दहाही लाख प्रथम घेणाऱ्याच्या वाट्यातून जातात; बँकेच्या पैशाला धक्का लागत नाही. बँकेचा प्रश्न एवढाच असतो, की उद्या हप्ते थकले तर घर विकून अठ्ठेचाळीस लाख निघतील काय. त्या प्रश्नाचे उत्तर पंधरा मिनिटांत देता येते. आपला प्रश्न निराळा आहे, आणि तो कोणी विचारलेलाच नसतो.

घरासाठी आपल्याला हवा असतो तो स्थापत्य अभियंता, त्यातही संरचनेचा अनुभव असलेला. त्याला शोधण्यात एक अडचण आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. अभियंत्यांसाठी देशव्यापी नोंदणीचा तसा कायदा अद्याप झालेला नाही. महापालिका संरचना अभियंत्यांना परवाने देतात, एवढाच आधार. त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो आणि खरा जाणकार कोण हे सामान्य माणसाने ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतो.

इंग्लंडने काय केले

ज्या देशाकडून आपण मालमत्तेचा कायदा घेतला, त्या इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर हळूहळू घडत गेले. १८६८ साली लंडनमध्ये सर्व्हेअरांची संस्था स्थापन झाली व १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली. घर घेण्यापूर्वी या संस्थेच्या सभासदाकडून, म्हणजे ‘चार्टर्ड सर्व्हेअर’कडून, ते तपासून घेण्याची प्रथा तेथे रुळलेली आहे. साध्या पाहणीपासून जुन्या इमारतीच्या सखोल तपासणीपर्यंत अहवालाच्या तीन पायऱ्या आहेत आणि कोणत्या घरास कोणती पायरी योग्य, हे घेणारा ठरवतो.

तरीही तेथील सामान्य माणूस वर्षानुवर्षे आपल्यासारखाच वागत होता. वेगळ्या तपासणीचा खर्च टाळून तो कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनावर विसंबून राही. अशाच एका बाईंनी नॉर्विच येथे अठरा हजार पौंडांना घर घेतले. मूल्यांकनाच्या अहवालात मोठ्या दुरुस्तीची गरज नसल्याचे लिहिले होते. वस्तुतः आधीच्या कोणीतरी खालच्या खोल्यांतील धुराड्याचा भिंतीतला भाग काढून टाकला होता आणि वरचे धुराडे पुरेशा आधाराविना उभे होते. दीड वर्षाने ते छत फोडून शयनगृहात कोसळले. ‘स्मिथ विरुद्ध बुश’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला आणि १९८९ साली असा निर्णय झाला की, मूल्यांकन करणारा कर्ज देणाऱ्याने नेमलेला असला, तरी माफक किमतीचे घर घेणारा माणूस त्याच्यावर विसंबणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून काळजीपूर्वक पाहणी करण्याचे कर्तव्य तो घेणाऱ्याप्रतीही बाळगतो. ‘आमच्यावर जबाबदारी नाही’ असे छापील कलम अहवालात होते. न्यायाधीशांनी ते ग्राह्य धरले नाही.

स्कॉटलंड त्याच्याही पुढे गेला. १ डिसेंबर २००८ पासून तेथे घर विक्रीस काढणाऱ्यानेच, काही अपवाद वगळता, चार्टर्ड सर्व्हेअरचा अहवाल तयार ठेवावा लागतो. एकाच घराची दहा गिऱ्हाइकांनी दहा वेळा तपासणी करण्याचा अपव्यय त्यामुळे टळतो. इंग्लंडमधील घरे विटांची, आपली सिमेंट काँक्रीटची. तेथील पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. परंतु घर घेण्यापूर्वी ते जाणकाराने पाहावे, या तत्त्वाला हवामान आड येत नाही.

जाणकाराला काय दिसते

काँक्रीटमधील अल्कली सळईला गंजापासून जपते. वर्षे लोटतात तसा हवेतील कार्बन डायॉक्साइड काँक्रीटमध्ये झिरपतो आणि हे संरक्षण नाहीसे होते. गळतीचे पाणी पोचले की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचा वरचा थर आतून ढकलते, प्रथम सळईच्या रेषेत भेग पडते आणि मग पोपडा सुटतो. समुद्रकाठी क्षारांमुळे हे अधिक त्वरेने घडते. गिलाव्यातील केसासारखी भेग आणि खांबातील उभी भेग यांतील फरक आपल्याला कळत नाही. अनुभवी अभियंत्यास तो पाहताक्षणी कळतो. न्हाणीघराच्या खालच्या छतावरील डाग, बंदिस्त केलेल्या सज्जाचा उतार, गच्चीवर नंतर चढवलेली टाकी, तळमजल्यावरील दुकानाने हलवलेली भिंत, या गोष्टी तो क्रमाने पाहतो. शंका आली तर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि आवश्यक वाटल्यास उपकरणांनी चाचणी घेण्यास सुचवतो.

त्याच्या पाहणीइतकेच महत्त्व संस्थेच्या दप्तराला आहे. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावयास हवे. घेणारा अद्याप सभासद नसल्याने दप्तर पाहण्याचा हक्क त्याला नाही, विक्रेत्याला आहे. सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा सभासदाला सभांची इतिवृत्ते पाहण्याचा अधिकार देतो. म्हणून विसार देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच सांगावे : मागील पाच वर्षांची इतिवृत्ते आणि ऑडिटचा अहवाल दाखवा. तो टाळाटाळ करू लागला, तर तेही एक उत्तरच समजावे.

माणूस कसा निवडावा

अभियंता निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. त्याच्याकडे महापालिकेचा संरचना अभियंत्याचा परवाना आहे काय आणि तो मुदतीत आहे काय? दलालाने, विक्रेत्याने किंवा विकासकाने तर त्याचे नाव सुचवलेले नाही ना? दुरुस्तीचे कंत्राट घेण्याचा त्याचा स्वतःचा धंदा तर नाही ना? कारण तसे असेल तर त्याला दोष दिसण्यातच लाभ आहे. आणि त्याने पूर्वी लिहिलेला एखादा अहवाल, नावे झाकून का होईना, तो दाखवतो काय? तोंडी अभिप्रायावर विसंबू नये. काय पाहिले, काय पाहता आले नाही, दुरुस्ती तातडीची कोणती व पुढे ढकलण्याजोगी कोणती, हे सहीनिशी लिहून घ्यावे. शुल्क कामावर ठरवावे. घराच्या किमतीच्या टक्केवारीवर ठरवू नये.

खर्चाचा आक्षेप येथे हमखास निघतो. पुण्यात साठ लाखांच्या घरावर सात टक्के दराने चार लाख वीस हजार रुपये मुद्रांक शुल्क पडते. तीस हजार नोंदणी शुल्क. दलाल एक टक्का म्हणाला तरी साठ हजार. हे सारे आपण निमूटपणे देतो. सदनिकेच्या पाहणीला लागणारे काही हजार रुपये तेवढे आपल्याला चैनीचे वाटतात. दुसरा आक्षेप असा, की विक्रेता थांबत नाही. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे दलाल सांगतो. तो आक्षेप खरा आहे. एकटा खरेदीदार थांबा म्हणाला तर त्याचे घर जाते. सगळेच थांबा म्हणू लागले तर मात्र विक्रेत्याला थांबावेच लागते. म्हणजे हा प्रश्न एकेकट्याच्या शहाणपणाने सुटणारा नाही. त्यासाठी प्रथा पडली पाहिजे.

पतसंस्थांनी पुढे यावे

प्रथा पाडण्याचे साधन आपल्या हातात आहे. या पानाच्या बहुसंख्य वाचकांच्या पगारातून दरमहा एक कपात होते, ती पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेची. शिक्षकांच्या, लिपिकांच्या, महापालिका कर्मचाऱ्यांच्या अशा संस्था महाराष्ट्रभर आहेत. घरासाठी लागणारा पहिला पैसा पुष्कळदा तेथूनच उचलला जातो. या संस्थांनी तीन-चार अनुभवी अभियंत्यांची नामिका ठेवावी, त्यांचे परवाने दरवर्षी तपासावेत, शुल्क ठरवून घ्यावे, अहवालाचा एक मराठी नमुना तयार करावा आणि घरासाठी कर्ज मागणाऱ्या सभासदाला विसारापूर्वी हा अहवाल घ्यावयास सांगावे. शुल्कही कर्जात मिळवता येईल. अभियंत्याला कायम काम मिळेल, म्हणून तो आपले नाव जपेल; सभासदाला ओळख शोधत फिरावे लागणार नाही. ज्याने चुकीचा अहवाल दिला त्याचे नाव काढून टाकण्याची शक्ती एकट्या खरेदीदाराकडे नसते; संस्थेकडे असते.

सरकारकडे मागण्या दोनच. ज्या मूल्यांकनाचे शुल्क कर्जदार भरतो त्याची प्रत त्याला मिळालीच पाहिजे. आणि संस्था ‘ना हरकत’ दाखला देते, त्याला ऑडिटचा अखेरचा अहवाल जोडण्याचे बंधन असावे. उपविधींनुसार या दाखल्याची सक्ती नसली तरी बँका तो मागतात. तेव्हा तो देताना हे एक पान अधिक जोडणे कठीण नाही.

हे लिहीत असता एक गोष्ट मनाला बोचते आणि ती सांगून टाकणे बरे. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतील वरच्या मजल्याचे घर विक्रीस निघाले. दुरुस्तीचा दुसरा टप्पा अजून व्हावयाचा होता. एक तरुण शिक्षक आणि त्यांच्या पत्नी घर पाहून उतरत होत्या. जिन्यात त्यांनी मला विचारले, ‘‘सर, बिल्डिंग कशी आहे?’’ मी म्हणालो, ‘‘पाणी चोवीस तास असते. शेजार चांगला आहे.’’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी आभार मानले आणि ते गेले. ज्या गृहस्थांनी मला चहा पाजला होता त्यांच्याविषयी इतकी वर्षे मनात बाळगलेला राग त्या दिवशी मला नीटपणे धरून ठेवता आला नाही.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला, की घर घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास ऑडिटच्या अहवालाची प्रत द्यावी. ‘भाव पडतील’ असे एक सभासद म्हणाले आणि विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला. त्या तरुण शिक्षकांना मी मागाहून घरी बोलावून अहवाल वाचावयास दिला. त्यांनी तो एका अभियंत्याला दाखवला, दुसऱ्या टप्प्याची वर्गणी किमतीतून वजा करून घेतली आणि घर घेतले. व्यवहार मोडला नाही. भाव काय तो खरा झाला. पुढील सभेत त्यांचेही मत असेल, आणि ठराव मी पुन्हा मांडणार आहे.